शेतावरील माणूस टिकविण्याचा विचार

पेरणी साधली, पाऊस वेळेवर झाला, पीकही डोळ्यांत भरेल असे उभे राहिले. परंतु कापणीस माणूस मिळाला नाही म्हणून घरात यावयाचे धान्य शेतातच सांडले, अशी तक्रार महाराष्ट्रातील पुष्कळ गावांतून अलीकडे ऐकू येते. कापणी लांबली की सोयाबीनच्या शेंगा तडकतात. फुटलेले बोंड झाडावर फार दिवस राहिले की पावसाने व दवाने कापसाचा रंग जातो. द्राक्षाची विरळणी मणी लहान आहेत तोवरच व्हावी लागते. भाताचे रोप वाफ्यात जून झाले की लावणीनंतर त्याला फुटवे कमी येतात. तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला न गेल्यास त्यातील साखर घटू लागते. शेतीतील बहुतेक कामे अशी मोजक्या दिवसांची आहेत. ते दिवस टळले म्हणजे बियाणे, खत व पाणी यांवर केलेला खर्चही वाया जातो. म्हणून ज्या काळजीने शेतकरी बियाणे निवडतो, त्याच काळजीने त्याने आपल्या शेतावर राबणाऱ्या माणसांचा विचार करणे अगत्याचे झाले आहे.

टंचाईचे खरे स्वरूप

गावात माणसेच उरली नाहीत, असे सरसकट बोलले जाते. ते पूर्णतः खरे नाही. २००१ च्या जनगणनेत देशात जमीन कसणारे सुमारे १२ कोटी ७३ लाख व शेतमजूर सुमारे १० कोटी ६८ लाख होते. २०११ च्या जनगणनेत हे प्रमाण उलटले. कसणारे सुमारे ११ कोटी ८८ लाखांवर आले व शेतमजूर सुमारे १४ कोटी ४३ लाख झाले. महाराष्ट्रातही त्या गणनेत शेतमजुरांची संख्या कसणाऱ्यांहून अधिक, म्हणजे सुमारे १ कोटी ३५ लाख भरली. मग कामाच्या वेळी माणूस का मिळू नये?

याचे उत्तर असे की टंचाई वर्षाची नसून आठवड्यांची असते. एका शिवारात सर्वांनी एकच पीक, एकाच वाणाचे, एकाच पावसावर पेरले की सर्वांची निंदणी एकाच आठवड्यात येते व सर्वांची कापणीही एकाच पंधरवड्यात येते. त्या पंधरवड्यात प्रत्येक जण मजुराच्या दारी जातो. तो सरला की त्याच मजुराच्या घरी महिना दोन महिने कोणी डोकावत नाही. गरज सरो आणि वैद्य मरो, असा हा व्यवहार होय. ज्याचे हातावर पोट आहे त्याला रिकाम्या महिन्यांतही खावे लागते. तो बांधकामावर जातो, कारखान्यात जातो, वीटभट्टीवर किंवा ऊसतोडीस जातो. तेथे एकदा बस्तान बसले म्हणजे तो केवळ कापणीपुरता परत येत नाही. मुले शिकली म्हणूनही काही माणसे शेतीतून गेली. ती गोष्ट आनंदाचीच आहे. परंतु जी माणसे अद्याप गावात आहेत व ज्यांना शेतीकाम येते, त्यांनी गाव सोडू नये असे वाटत असेल तर शेतकऱ्याने आपल्या वागणुकीत व कामाच्या आखणीत काही बदल केले पाहिजेत. ते कोणते, याचा येथे विचार करावयाचा आहे.

मजुरी, माप आणि वेळ

पहिली गोष्ट मजुरीची. शासनाने ठरविलेल्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देता येत नाही, हे तर झालेच. हे दर वेळोवेळी बदलतात व तालुक्याच्या ठिकाणी विचारून माहीत करून घेता येतात. स्त्री व पुरुष यांनी एकच काम केले तर मजुरीही एकच द्यावी, हे तत्त्व १९७६ च्या कायद्याने मान्य केले व २०१९ च्या वेतनसंहितेतही ते कायम राहिले. निंदणी, लावणी, वेचणी ही कामे मुख्यतः स्त्रियाच करतात. ज्या शेतावर त्यांच्या कामाचे मोल पूर्ण होते, त्या शेतावर त्या पुन्हा येतात.

मजुरीच्या दराइतकेच महत्त्व ती केव्हा व कशी मिळते यास आहे. बाजाराच्या दिवशी पैसे देऊ असे सांगून बाजाराच्या दिवशी शेतकरी घरी सापडू नये, याहून अधिक मजुरास दुरावणारे काही नाही. ठरल्या दिवशी, ठरल्या ठिकाणी, मोजून पैसे द्यावेत. प्रत्येकाची हजेरी एका वहीत व मजुराजवळच्या छोट्या पुस्तिकेत अशी दोन ठिकाणी मांडावी, म्हणजे स्मरणावर भांडण होत नाही.

वजनावर मजुरी असेल तेथे काटा सर्वांसमक्ष असावा. कापूस वेचणीत गाठोड्याच्या फडक्याचे वजन म्हणून अंदाजाने किलो अर्धा किलो वजा करण्याची रीत काही ठिकाणी आहे. वेचणारणीस ती चोरीच वाटते. फडके एकदा कोरडे तोलून त्याचे खरे वजन तेवढेच वजा करावे. काट्यावरचा विश्वास गेला की टोळी गेली, हे कपाशीच्या प्रदेशात कोणासही सांगावे लागणार नाही.

शेजाऱ्याने दर वाढविला म्हणून आपलीही माणसे गेली, अशी तक्रार नेहमीची आहे. यावर केवळ दर वाढविणे हाच उपाय नाही. एक हिशोब उदाहरणादाखल पाहावा. समजा, एक बाई दिवसात ३० किलो कापूस वेचते व तिला किलोमागे १० रुपये मिळतात. म्हणजे रोजचे ३०० रुपये झाले. शेजारच्या शेतकऱ्याने ११ रुपये दर केला तर तिला तेथे ३० रुपये अधिक मिळतील. आता शेत गावापासून दूर असून तिचा जाण्यायेण्यात एक तास जातो असे धरू. शेतकऱ्याने सकाळ संध्याकाळ ट्रॅक्टरची ट्रॉली किंवा बैलगाडी पाठवून हा तास वाचविला, तर त्या वेळात ती सुमारे चार किलो अधिक वेचील व तिला ४० रुपये अधिक मिळतील. दहा बायांची टोळी असेल तर शेतकऱ्याचा रोज ४० किलो कापूस अधिक निघेल व तिची पायपीटही टळेल. दर तोच राहून दोघांचाही लाभ झाला. मजुराचा वेळ व श्रम कोठे वाया जातात हे जो शेतकरी पाहील, त्याला असे मार्ग पुष्कळ सापडतील. मात्र ट्रॉलीत मर्यादेबाहेर माणसे बसवू नयेत, आणि रस्त्यावर ती जपून न्यावी.

सालगडी आणि उचल

विदर्भ व मराठवाड्यात गुढीपाडव्यास आणि खानदेशात आखाजीस साल ठरते. चांगला सालगडी म्हणजे शेताचा अर्धा कारभारी. कोणत्या तुकड्यात पाणी मुरत नाही, कोणता बैल उजवीकडे जुंपावा, मोटार केव्हा तापते, हे त्याला ठाऊक असते. असा माणूस गेला तर नव्याला तेवढे शिकावयास दोन हंगाम लागतात. ही हानी कोठल्याही वहीत लिहिली जात नाही, पण ती होतेच.

साल ठरविताना पुढील गोष्टी दोघांच्या संमतीने कागदावर लिहाव्यात: वर्षाची रक्कम, ती किती हप्त्यांनी व केव्हा द्यावयाची, धान्य व कपडे काय द्यावयाचे, आठवड्याची सुटी, आजारपणाचे व सणाचे दिवस, आणि रात्रीचे पाणी द्यावे लागल्यास दुसऱ्या दिवशीची विश्रांती. पिकास पाणी देण्याची पाळी पुष्कळदा रात्री येते. रात्रभर बाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसास सकाळी पुन्हा औताला धरणे हे अन्यायाचे आहे व धोक्याचेही आहे.

उचलीविषयी स्पष्ट बोलले पाहिजे. उचल दिली म्हणजे माणूस बांधला गेला, ही समजूत कायद्याने मोडीत काढली आहे. वेठबिगार पद्धती नष्ट करणारा कायदा १९७६ साली झाला. कर्जाच्या किंवा आगाऊ रकमेच्या बदल्यात माणसास काम करावयास भाग पाडणे, त्यास दुसरीकडे जाऊ न देणे, हा त्या कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. व्यवहाराच्या दृष्टीनेही असा माणूस मनाने शेतावर राहत नाही. मुलीचे लग्न, घरावरचे पत्रे, दवाखाना अशा अडचणीस मदत अवश्य करावी, परंतु तिचा हिशोब उघडा असावा. ती बँकेतून किंवा बचत गटातून स्वस्त व्याजाने मिळवून देता आली तर अधिक चांगले. काही शेतकरी पगाराशिवाय उत्पन्नातील लहानसा हिस्सा किंवा अर्धा एकराचे पीक गड्यास देतात. पिकाच्या बऱ्यावाईटात त्याचे मन गुंतले की राखणीची चिंता कमी होते.

खाड्याचा धडा

ऊसतोडीच्या व्यवहारातून सर्वच शेतकऱ्यांनी एक धडा घेण्यासारखा आहे. बीड, अहिल्यानगर, जालना इत्यादी जिल्ह्यांतून दिवाळीच्या सुमारास हजारो जोडपी कारखान्यांच्या भागात जातात. नवरा बायको मिळून एक कोयता धरला जातो व मुकादमाकडून उचल घेतलेली असते. काम चुकले की खाडा म्हणून रक्कम कापली जाते. खाडा पडू नये म्हणून आजार अंगावर काढणे, पाळीच्या त्रासावर थेट गर्भाशय काढून टाकण्याची शस्त्रक्रिया करून घेणे, अशा गोष्टी बीड जिल्ह्यात घडत असल्याचे २०१९ साली उघडकीस आले. शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत सुमारे ८२ हजार स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक स्त्रियांची अशी शस्त्रक्रिया झालेली आढळली. एक दिवसाच्या विश्रांतीस दंड लावणारी रीत माणसाच्या शरीराची किती मोठी किंमत घेते, हे यावरून दिसते. आपल्या शेतावर, मग ते दोन एकरांचे का असेना, आजारी स्त्रीस दंडाचे भय वाटता कामा नये.

पाणी, सावली आणि पाळणा

जेथे मोठी झाडे नाहीत अशा शिवारात दुपारच्या भाकरीस बसावयास चार बांबूंवर टाकलेले एक छप्परही पुरेसे होते. पिण्याचे पाणी स्वच्छ भांड्यात, झाकून, कामाच्या जागेजवळ असावे. दूरच्या विहिरीवर पाण्यासाठी जाण्यात वेळ जातो, आणि तहान मारून काम करणाऱ्यास चैत्र वैशाखात उन्हाचा झटका बसतो. त्या दिवसांत पहाटे लवकर काम सुरू करून अकराच्या आत संपवावे व उरलेले काम ऊन उतरल्यावर घ्यावे. स्त्रियांसाठी बांधाच्या आडोशास तट्ट्यांचे शौचालय करण्यास फारसा खर्च येत नाही. त्यावाचून त्या दिवसभर पाणी पिण्याचे टाळतात व त्यातून दुखणी उद्भवतात.

ज्या टोळीत तान्ही मुले आहेत तेथे टोळीतीलच एखाद्या वयस्क बाईस पूर्ण मजुरी देऊन मुलांकडे बसवावे. झाडाला झोळी बांधून बांधावर एकटे ठेवलेले मूल हे सापविंचवाच्या भयाने आईचे निम्मे चित्त तिकडे ओढून घेते. दहा बायांचे चित्त कामात राहिले तर एका बाईची मजुरी सहज भरून निघते.

हलकी अवजारे

श्रम हलके झाले की माणूस टिकतो. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने तयार केलेला दातेरी ‘वैभव’ विळा पकडीस सोपा आहे व त्यास वारंवार धार लावावी लागत नाही. त्याच विद्यापीठाच्या ‘नूतन’ झेल्याने आंबा देठासह उतरविता येतो. हातकोळप्याने ओळींतील तण उभ्याने काढता येते, त्यामुळे दिवसभर वाकून बसण्याचा त्रास वाचतो. कापूस वेचण्यास कमरेला व खांद्याला पेलणारी पिशवी दिली तर पदरात ओझे बांधून मान व पाठ धरत नाही. भेंडी तोडण्यास हातमोजे द्यावेत. ही साधने मजुराने आणावीत अशी अपेक्षा न धरता शेतकऱ्याने स्वतः ठेवावीत.

मळणीयंत्र, कापणीयंत्र यांचा उपयोग जरूर करावा, पण यंत्र आले की माणसाची गरज संपली असे समजू नये. यंत्र चालविणारा, त्यात घास देणारा व ते दुरुस्त करणारा माणूस लागतोच. आपल्याच गड्यास किंवा त्याच्या मुलास हे काम शिकविले तर त्याची मजुरी वाढते व तो गावात राहतो.

जिवाची काळजी

२०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर कीटकनाशके फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडोंना दवाखान्यात दाखल करावे लागले. डोक्याइतक्या वाढलेल्या पिकात, दमट उष्म्यात, तोंडाला केवळ रुमाल बांधून फवारणी करणे किती घातक आहे, हे त्या वर्षाने शिकविले. पुढील नियम प्रत्येक शेतावर पाळलेच पाहिजेत:

१. हातमोजे, तोंडावरची जाळी, चष्मा व पूर्ण बाह्यांचे कपडे दिल्याशिवाय कोणासही फवारणीस लावू नये.
२. वाऱ्याच्या उलट दिशेने व भर दुपारी फवारू नये.
३. शिफारस नसताना दोन चार औषधे एकत्र मिसळू नयेत. डब्यावरील त्रिकोणाचा रंग पाहावा. तांबडा रंग अत्यंत विषारी औषधाचा असतो.
४. अठरा वर्षांखालील मुले, गरोदर वा अंगावर पाजणाऱ्या स्त्रिया आणि ज्याच्या अंगावर जखम आहे असा माणूस यांस या कामापासून दूर ठेवावे.
५. काम संपताच साबणाने स्नान करून कपडे बदलावयास पाणी व जागा द्यावी. त्याआधी खाणे, तंबाखू, विडी वर्ज्य.
६. मळमळ, चक्कर, अंधारी, लाळ गळणे यांपैकी काही दिसताच काम थांबवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी व औषधाचा डबा डॉक्टरांस दाखविण्यासाठी सोबत न्यावा.

मळणीयंत्राजवळ सैल कपडे, मोकळा पदर, हातातील कडे हे सर्व आवरून ठेवावे. थकलेल्या किंवा झोप आलेल्या माणसाच्या हाती घास देण्याचे काम देऊ नये.

अपघात विम्याकडे मात्र अजून पुरेसे लक्ष गेलेले नाही. २०१५ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत १८ ते ७० वर्षे वयाच्या, बँकेत खाते असलेल्या कोणासही वर्षास २० रुपयांत अपघाती मृत्यूबद्दल २ लाख रुपयांचे संरक्षण मिळते. आपल्या शेतावर नेहमी येणाऱ्या प्रत्येकाचा हा हप्ता शेतकऱ्याने भरला, तरी दहा माणसांचे वर्षाचे २०० रुपये होतात. एवढ्या खर्चात एखाद्या कुटुंबाचा आधार राहतो, आणि शेतकऱ्याविषयीचा विश्वास वाढतो तो वेगळाच.

बाहेरगावच्या टोळ्या

नाशिक भागात द्राक्षाच्या छाटणीस व विरळणीस पेठ, सुरगाणा या तालुक्यांतून टोळ्या येतात. अशा माणसांस राहावयास कोरडी जागा, दिवा, सरपण किंवा गॅस व न्हाणीचा आडोसा मिळाला पाहिजे. त्यांच्या शिधापत्रिकेवरील धान्य आता देशात कोणत्याही रास्त भाव दुकानात मिळू शकते. ते मिळवून देण्यास शेतकऱ्याने सोबत जावे. लहान मुलांस अंगणवाडीत व मोठ्यांस गावच्या शाळेत बसवावे. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलास शिक्षणाचा हक्क २००९ च्या कायद्याने दिलेला आहे, आणि गावची शाळा हंगामापुरत्या आलेल्या मुलासही नाही म्हणू शकत नाही. ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासनाने २०२१ साली संत भगवानबाबा यांच्या नावाने वसतिगृहांची योजना मंजूर केली, तिची माहितीही टोळ्यांपर्यंत पोहोचवावी. ज्या गावात मुलांची आबाळ होत नाही, त्या गावी टोळी पुढच्या वर्षी न बोलाविता येते.

काम वर्षभर पसरावे

आरंभी सांगितल्याप्रमाणे मूळ दुखणे कामाच्या गर्दीचे व रिकामपणाचे आहे. म्हणून आखणीतच उपाय शोधावा. सर्व क्षेत्रात एकच वाण न घेता लवकर व उशिरा येणारे वाण वाटून पेरावेत. सोयाबीनमध्ये जे. एस. ९३-०५ हा सुमारे ९० दिवसांत, जे. एस. ३३५ हा ९५ ते १०० दिवसांत व फुले संगम हा १०० ते १०५ दिवसांत तयार होतो. एवढ्या अंतराने एकाच टोळीस दोन आठवड्यांचे काम मिळते व शेतकऱ्याचीही धांदल होत नाही. तुरीचे आंतरपीक, रब्बीत थोडा भाजीपाला, दोन दुभती जनावरे, उन्हाळ्यात बांधबंदिस्ती व कंपोस्टचे खड्डे यांनी रिकामे महिने भरतात.

रिकाम्या दिवसांत गावातच काम मिळावे हा विचार महाराष्ट्रास नवा नाही. वि. स. पागे यांच्या पुढाकाराने १९६५ साली सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात रोजगार हमीचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात तो राज्यभर पसरला व १९७७ च्या अधिनियमाने त्यास कायद्याचे रूप मिळाले. पुढे २००५ साली देशाने तशा हमीचा कायदा केला. सार्वजनिक कामांचा आराखडा करताना ग्रामसभेने ती कामे शेतीच्या मंदीच्या दिवसांत घ्यावीत, म्हणजे मजुरास दोन्हीकडचे काम मिळते व शेतकऱ्याशी ओढाताण होत नाही.

लहान शेतकऱ्यांनी सावड पुन्हा सुरू करावी. आज याच्या शेतात, उद्या त्याच्या, असे हातास हात देऊन काम करण्याची ही रीत गावोगाव होती. विदर्भ मराठवाड्यातील इर्जिकीत शेजारी आपले औत घेऊन येत व संध्याकाळी एकत्र जेवत. पाच सहा घरांची सावड जमली की बाहेरच्या मजुरावरील गर्दीचा भार तेवढाच हलका होतो.

कार्यकर्त्याने काय करावे?

गावपातळीवरील कार्यकर्त्याने पाडव्याच्या सुमारास शेतकरी व मजूर अशा दोघांचीही एकत्र बैठक घ्यावी. कोणत्या महिन्यात किती क्षेत्रावर कोणते काम निघेल व किती हात लागतील, याचा साधा तक्ता चावडीवर लावावा. काम पाहिजे असलेल्या स्त्रीपुरुषांची नावे त्याच वेळी नोंदवावीत. फवारणीची सामग्री, हातकोळपी, दातेरी विळे यांची गटामार्फत एकत्र खरेदी करावी. विम्याचा हप्ता व असंघटित कामगारांची ई-श्रम नोंदणी यांसाठी एक दिवस राखून ठेवावा. आणि हे सर्व करताना मजुराचे म्हणणे त्याच्या तोंडून ऐकावे. पुष्कळदा त्याची मागणी दरवाढीची नसून वेळेवर मिळणाऱ्या पैशाची, पिण्याच्या पाण्याची किंवा सन्मानाने हाक मारण्याची असते.

शेतमजूर हा बहुधा शेजारीच असतो. त्याचाही कोठे एकर अर्धा एकर तुकडा असतो, आणि त्याचीही मुले त्याच शाळेत जातात. त्याचे घर गावात नांदते राहिले तर शिवारातील कोणाचेच पीक उभ्याने वाळणार नाही. येत्या पाडव्यास साल ठरविताना, किंवा येत्या मृगात निंदणीची टोळी बोलाविताना, वरीलपैकी निदान चार गोष्टी प्रत्येक शेतकऱ्याने अमलात आणाव्यात: लेखी हिशोब, वेळेवर पैसे, जवळ पाणी व सावली, आणि प्रत्येकाचा विमा. यास फारसे भांडवल लागत नाही. आणि कोणत्या शेतावर या गोष्टी पाळल्या जातात, हे मजुरांस एकमेकांच्या तोंडून एका हंगामातच कळते.